नगाऱ्यावरचा हिरवा थर

अश्विन वद्य नवमी, मंगळवार. ठरलेली रक्कम पंधरा रुपये, मोटारीचे भाडे वेगळे. हजर : पाटील, नगारा वाजवणारे डोमाजी, भागाबाई, मी आणि गावातली साठेक माणसे. चांद्याचे कासिमभाई कल्हईवाले पहिल्यांदा आमच्या गावी आले, त्या दिवसाची माझ्या वहीतली नोंद एवढीच आहे. यंदा पौषात जवळच्या सावली गावच्या बाजारात एका बांगडीवाल्याने बोलता बोलता सांगितले, "तुमचे कासिमभाई गेले ना भाऊ, परवाच्या दिवशी. छातीनंच गेले." मी हातातली पिशवी खाली ठेवली. घरी येऊन सहा वर्षांपूर्वीची वही काढली, ती ओळ वाचली. आकडे बरोबर आहेत. पण त्या दिवशी काय झाले ते त्यात कुठेच नाही. ते लिहिले पाहिजे असे वाटले. त्यात माझी बाजू चांगली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कासिमभाईंची माझी ओळख भांड्यांमुळे झाली. वर्षातून एकदा मी घरची तांब्या-पितळेची भांडी पोत्यात घालून चांद्याला कल्हईला नेत असे. परकोटाच्या आत, एका चिंचेच्या सावलीत त्यांचे दुकान होते. दुकान म्हणजे जमिनीत भट्टीचा खड्डा, चामड्याचा भाता, आणि मागे मातीची भिंत. त्या भिंतीत हात जाईल एवढे कोनाडे, कोनाड्यांत डब्यांची झाकणे, आणि प्रत्येक झाकणात कुठल्या ना कुठल्या भांड्यावरून खरवडलेला कीट. काळा, हिरवा, राखाडी, एक तर जांभळट. लिहिता येत नव्हते म्हणून झाकणाखाली खूण ठेवत. आंबट ताकाने झाला असेल तर वाळलेली मिरची, विहिरीच्या पाण्याने झाला असेल तर शिंपला. पहिल्याच वर्षी त्यांनी माझी एक परात तशीच परत दिली. मी विचारले, कल्हई का केली नाही? ते म्हणाले, "खालून भोक पडून राह्यलं भाऊ, सुईएवढं. वरून कल्हई केली तर दोन महिने झाकून राहीन. मंग तुमी म्हनसान कासिम चोर. आत्ता म्हना, कासिम आळशी." आणि स्वतःच हसले. हसताना खोकला यायचा. कल्हईच्या नवसागराचा धूर तीस वर्षे छातीत गेला होता. माणूस काय किंवा भांडे काय, आधी वास घ्यायचे, मग बोटाने चोळायचे, आणि मगच तोंड उघडायचे. कुणी घाई केली तर म्हणायचे, "पाहून सांगन. ऐकून नाई सांगनार."

आता गावाचे सांगतो. सावलीपासून सहा मैलांवर आमचे गाव. देवळाशेजारी एक कौलारू खोली आहे, तिला नगारखाना म्हणतात. तिथे तांब्याच्या दोन मोठ्या नगाऱ्यांची जोडी असते. किती जुनी ते कुणाला सांगता येत नाही. माझ्या आजोबांनी ती जुनीच पाहिली होती. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, तिच्यावर टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, पडल्याशिवाय आमच्याकडे दंडारीचा नाच उभा राहत नाही. वाजवण्याचा मान डोमाजींच्या घराचा, आणि त्याबद्दल सुगीला घरटी धानाच्या पेंढ्या त्यांना मिळत. तेव्हा आम्ही सगळे त्यांना डोमाच म्हणत होतो. आणखी एक रीत होती. नगाऱ्याच्या कातड्याला डोमाजींच्या घरच्यांशिवाय कुणी हात लावायचा नाही. पावसाळ्याआधी ते स्वतः एरंडीचे तेल दोन बोटांवर घेऊन कातड्याला चोळत आणि मग खोली बंद होई. किल्ली आणि देवळाचा हिशेब माझ्याकडे.

त्या वर्षी अश्विनी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी खोली उघडली. कातडे जिथे तांब्याला मिळते, तिथे दोन बोटे जाडीचा थर साचला होता. सकाळच्या गारव्यात पांढरट, मेणासारखा. ऊन चढले तसा तो हिरवा होऊन पाझरू लागला आणि तांब्यावरून ओघळ उतरले. असे कधी कुणी पाहिले नव्हते. डोमाजी मागे सरकले. म्हणाले, "हे मी नाई लावलं. हे काय हाये मले मालूम नाई." जोडी उन्हात ठेवली आणि सगळे घरी गेले. दुपारी भागाबाईचे वासरू दावे तोडून आले आणि त्याने एका नगाऱ्याच्या कडेचा थर चाटूनपुसून खाल्ला. तिसऱ्या दिवशी वासरू मेले.

भागाबाई विधवा बाई, घरात तेवढेच एक वासरू. तिने देवळापुढे येऊन जो आकांत केला तो ऐकवत नव्हता. "माहा वासरू याच्यानं मारला! भेंडीच्या झाडासाठी मारला!" असे ती डोमाजींकडे हात करून म्हणाली. पंधरा दिवसांपूर्वी त्या वासराने डोमाजींच्या परसातली भेंडी खाल्ली होती आणि दोघांचे कडाक्याचे भांडण झाले होते, हे गावाला ठाऊक होते. त्यात कुणीतरी आठवण काढली की डोमाजींनी भादव्यात सावलीच्या बाजारातून मोरचूद आणला होता. बैलाच्या खुरासाठी आणला होता, पण मोरचूद हिरवा-निळा असतो आणि तो विष असतो, एवढेच लोकांनी धरले. पाटलांनी सांगितले, आठ दिवसांत ठरवू. विष डोमाचे निघाले तर पेंढ्या बंद, मान बंद, आणि घर उचलून दुसरीकडे जायचे. डोमाजींच्या बायकोने दुसऱ्याच दिवसापासून गाडगी-मडकी पोत्यात भरायला घेतली. निकालाची वाट पाहण्यात अर्थ आहे असे तिला वाटत नसावे.

चांद्याहून कल्हईवाल्याला बोलवावे, हे मीच सुचवले. हे मी स्वतःच्या कौतुकासाठी सांगत नाही. माझ्या मनात तेव्हा काहीच नव्हते, एवढेच सांगायचे आहे. जे हिरवे पाझरत होते ते आणि ज्येष्ठात मी केलेले काम, यांचा संबंध माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

कासिमभाई आले ते खांद्यावर झोळी घेऊन, धापा टाकत. सावलीपासून बैलगाडीत मीच त्यांना आणले होते. उतरल्याबरोबर त्यांनी कुणाचा रामराम घेतला नाही, सरळ नगाऱ्यापाशी जाऊन वाकले आणि वास घेतला. मग उठून सगळ्यांना रामराम केला. पाटील म्हणाले, "काय गा, आमच्यापेक्षा नगारा मोठा झाला?" कासिमभाई म्हणाले, "तुमी उद्या बी असेच राहसान पाटील. हा ऊन लागला का बदलून राह्यला. त्याले आंधी भेटाव लागते." लोक हसले. आठ दिवसांत गाव पहिल्यांदा हसत होते. डोमाजी हसले नाहीत.

त्यांनी पळसाच्या पानावर थोडा थर खरवडून घेतला. बोटांत चोळला. दोन वाट्यांत थंड पाणी मागवले आणि दोन विळे मागवले. म्हणाले, "मोरचूद असन तर पान्यात विरघळन. मंग विळ्याचं पातं त्याच्यात बुडवलं का पात्यावर तांबडं चढते. लहान पोराले बी दिसन. तुमीच पाहा, माह्यावर भरवसा ठेऊ नोका." आधी त्यांनी डोमाजींच्या घरून आणवलेल्या मोरचुदाचा खडा एका वाटीत टाकला. पाणी निळे झाले. विळा बुडवला आणि काढला तेव्हा पात्याला तांब्याचा लाल मुलामा चढला होता. लोकांत कुजबूज झाली. मग दुसरा विळा घासून पुसून घेतला आणि नगाऱ्यावरच्या थराच्या वाटीत बुडवला.  डोमाजी देवळाच्या ओट्याच्या कोपऱ्याला हात धरून उभे होते. कासिमभाईंनी विळा मुद्दाम बराच वेळ ठेवला. काढला... पाते होते तसेच. थर विरघळलाच नव्हता, पाण्यावर तरंगत होता.

"मोरचूद नाई," कासिमभाई म्हणाले. डोमाजींनी ओट्याचा कोपरा सोडला.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण कासिमभाईंना काय नाही एवढे सांगून भागत नसे, काय आहे ते सांगितल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. त्यांनी तीन दगडांची चूल मांडून पातेल्यात पाणी तापवले आणि उरलेला थर त्यात टाकला. तो वितळून वर आला, पिवळा, मध्ये हिरवी झाक. आणि वास उठला. तो वास आमच्या भागात कुणाला सांगावा लागत नाही. मोहाच्या बियांचे, म्हणजे टोळीचे तेल. तेव्हा निम्म्या गावाचे दिवे त्याच्यावर जळत. कासिमभाईंनी त्यात राखेचे पाणी ओतून काडीने घोटले तर फेस आला. ते म्हणाले, "टोळीचं तेल हाये. थंडीत गोठते, उन्हात पाझरते. चार महिने बंद खोलीत तांब्याले लागून सडलं, त्याचं हिरवं जंगाल झालं. तांब्याच्या भांड्यात चिंच ठेवली तर कसं कळकते? तसं. कोनी विष घातलं नाई. पन हे पोटात गेलं तर जनावर मरन. वासरू यानंच मेलं असन. पक्कं नाई सांगत, मी जनावराचा डाक्टर नाई."

तो वास नाकात गेला तेव्हाच मला सगळे कळले. ज्येष्ठात पाऊस डोक्यावर आला होता. डोमाजी तेंदूपत्ता तोडायला घरच्यांसह जंगलात गेले होते, ते वेळेत परतले नव्हते. कातडे कोरडे पडून तडकेल म्हणून मी खोली उघडली. माझ्या गाडीच्या जुपण्यांना, म्हणजे बैल जुंपायच्या चामडी पट्ट्यांना, मी टोळीचेच तेल लावतो. घरचे असते, एरंडीपेक्षा स्वस्त पडते, आणि चामडे मऊ राहते. दोन शेर तेल मी त्या दोन नगाऱ्यांवर चांगले ओतून चोळले. जुपण्या रोज ओढल्या जातात, उन्हात सुकतात, त्यांच्याखाली तांबे नसते, हा विचार मला सुचला नाही. आणि रीत मोडली हे मला माहीत होते. म्हणून वहीत मी लिहिले : 'तेल दोन शेर, दिवाबत्ती व इतर'. माझ्या सगळ्या वह्यांत 'इतर' हा शब्द मी दुसरीकडे कुठे लिहिलेला नाही.

पण कासिमभाईंनी थर ओळखल्यावर डोमाजींचे संकट टळले नाही, वाढले. पाटील म्हणाले, "कातड्याले तेल लावनारं गावात एकच घर. मंग लावलं कोनं?" डोमाजी म्हणाले, "मी एरंडीचं लावतो, तेबी दोन बोटं. यंदा तर मी आलोच पानी पडल्यावर, खोली बंद होती." त्यावर गर्दीतून एक जण म्हणाला, "एरंडीचे पैसे खाल्ले आनं टोळीचं फासलं, दुसरं काय!" लोक पुन्हा हसले, पण हे हसणे सकाळच्यासारखे नव्हते. पाटलांनी जाहीर केले की ऊन कलल्यावर बसू आणि निकाल देऊ. वासराचे मोल डोमाने द्यायचे आणि उद्या गाव सोडायचे, हे जवळजवळ ठरल्यासारखेच होते. मी काही बोललो नाही. मी तिथेच उभा होतो, माझ्या कमरेला किल्ली होती, आणि मी बोललो नाही.

कासिमभाईंना जेवायला मी घरी आणले. अंगणात गाडी सोडलेली होती. ते जाता जाता गाडीपाशी थांबले, एक जुपणी हातात घेतली, वाकवली, नाकाशी नेली. मी दारात उभा.

"गोविंदभाऊ, जुपन्या लई मऊ हायेत तुमच्या. काय लावता?"

मी म्हणालो, "टोळीचं तेल."

त्यांनी जुपणी पुन्हा एकदा वाकवून पाहिली. मग ती गाडीवर नीट ठेवली आणि हात धुवायला पाणी मागितले.  माझ्या बायकोने भाजी वाढताना विचारले, तिखट झाली का? तर म्हणाले, "नाई बाई, बराबर हाये." आचवून ओसरीवर बसल्यावर हळू आवाजात म्हणाले, "देखो भाऊ. मले तुमी नगारा ओळखाले बोलावलं, मानूस ओळखाले नाई. मानूस ओळखाचे पंधरा रुपये मी घेतले नाई. बैठकीत मले कोनी विचारलं, तेल कोनं लावलं, तर मी पाहिलं तेवढं सांगन. नाई विचारलं तर मी बोलनार नाई. माहं काम तेवढंच हाये." आणि डोळ्यांवर फडके टाकून आडवे झाले. त्यांना झोप लागली नव्हती, खोकत होते.

ते दोन-अडीच तास मी कसे काढले ते मला अजून आठवते. मी हिशेब करत बसलो. वासराचे मोल पंचवीस रुपये. ते मी देऊ शकत होतो. गुपचूप भागाबाईला देऊन टाकावे आणि पाटलांना म्हणावे, डोमाला राहू द्या, माफ करा... असाही विचार केला. म्हणजे मी दयाळू ठरलो असतो आणि डोमाजी माफ झालेले गुन्हेगार. गेली अकरा वर्षे देवळाचा हिशेब माझ्याकडे होता, एक पै कधी इकडची तिकडे झाली नव्हती, आणि लोक भांडण झाले की माझी वही मागत. ती वही मी उघडून दाखवायची म्हटली तर 'इतर' दाखवावे लागणार होते. डोमाजींच्या घरासमोर गाडी उभी होती. पोती चढवलेली माझ्या ओसरीवरून दिसत होती. वर एक उलटी टोपली, आणि तिच्यावर बांधलेली दोन टिपरे.

बैठक बसली. पाटलांनी भागाबाईला बोलू दिले, डोमाजींना बोलू दिले, आणि मग म्हणाले, "आता कोनाले काही म्हनाचं हाये?" कासिमभाई खाली बघत काडीने जमिनीवर रेघा ओढत होते. कुणी त्यांना काही विचारले नाही. ते ठरवून माझ्याकडे पाहत नव्हते, हे मला कळत होते, आणि त्यांनी पाहिले असते तर सोपे गेले असते असेही वाटत होते. पाटलांनी घसा खाकरला, "मंग डोमा..." आणि मी उठलो. म्हणालो, तेल मी लावले. ज्येष्ठात, डोमा जंगलात असताना. दोन शेर. वहीत आहे, पण नीट लिहिलेले नाही.

 मग पाटलांनी मान हलवली आणि मोठ्या मायेने म्हणाले, "बाप्पा! एवढंच ना? गोविंदभाऊनं नगाऱ्याच्या भल्यासाठीच केलं. होते अशी चूक. चला, मिटलं." दोघे-तिघे लगेच 'हो हो' म्हणाले. मला सुटल्यासारखे वाटले, हे खोटे का सांगू? तेवढ्यात कासिमभाईंनी काडी टाकली. बाहेरगावचा माणूस, पंधरा रुपयांवर आलेला. त्याने गप्प राहायचे असते. ते म्हणाले, "पाटील, सकायी हेच तेल विष होतं. दुपारी तेल झालं. आता भलं झालं. तेल तर तेच हाये, मी तपासून पाहिलं. मंग बदललं काय?"

पाटलांचा चेहरा लाल झाला. "कल्हईवाल्या, तू तुह्या कामाचं बोल."

"माह्या कामाचंच बोलून राह्यलो. गाडी भरून उभी हाये त्याची. त्याले कोन सांगन, पोते उतरव म्हनून?"

सगळ्यांनी डोमाजींकडे पाहिले. ते माझ्याकडे पाहत होते. रागाने नाही. मी नीट ओळखू येत नसल्यासारखे. ते म्हणाले, "भाऊ, तुमाले कवा समजलं?"

मी म्हणालो, "दुपारी. वास आला तेव्हा."

"मंग तवापासून आतापर्यंत..." एवढेच बोलून ते थांबले. पुन्हा म्हणाले, "भाऊ, आठ दिवस मी चोर होतो. तुमी चार घटका बी नाई झाले." त्यांनी पोती उतरवली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पोंभुर्ण्याकडे निघाली, बहिणीच्या गावाला. कुणी काढले नव्हते, मान अजून त्यांचाच होता, असे पाटलांनी दोनदा सांगितले. डोमाजींनी ऐकून घेतले आणि बैल हाकले.

भागाबाईला मी त्याच संध्याकाळी पंचवीस रुपये दिले. तिने ते पदरात बांधले आणि म्हणाली, "पैशाचं ठीक हाये भाऊ. डोमाले मी जे बोलले ते कोन वापस घेईन?" 

नगारे साफ करायला कासिमभाई आणखी दोन दिवस राहिले, पण साफ त्यांनी केले नाहीत. माझ्याकडून करून घेतले. वाद्या सोडवल्या, कातडी उतरवली. धानाचा कोंडा तव्यावर गरम करून कातड्यावर पसरायचा, तेल पिऊन तो काळा पडला की झटकायचा, पुन्हा गरम कोंडा. असे सात वेळा. तांब्याला राखेच्या पाण्याने धुवायचे, मग चिंच आणि मीठ, मग चिखलाने घासून पुन्हा पाणी. लोक येऊन बघून जात. गावातल्या प्रतिष्ठित घरातला माणूस उघड्यावर बसून कातडे घासतो आहे, हे आमच्याकडे कुणी पाहिले नव्हते. एक म्हातारा म्हणाला, "काय दिवस आले!" कासिमभाई चिलीम ओढत सावलीत बसून म्हणाले, "दिवस तेच हायेत बाबा. हात बदलले. भाऊ, तिकडून घासा, तिकडं हिरवं दिसून राह्यलं." माझ्या नखांत तो हिरवा रंग दिवाळी उलटेपर्यंत होता. निघताना त्यांनी पंधरातले पाच परत केले. "दहा ओळखाचे. साफ तुमी केलं, त्याचे मी कसे घेऊ?" मी ते पाच देवळात जमा केले आणि काय, कशाबद्दल, ते पूर्ण लिहिले.

जोडी लखलखीत झाली, पण मंडईला सावलीहून आणलेल्या माणसाने वाजवली. आवाज होता. दंडारीतली पोरे मात्र दोनदा चुकली, कारण पाय कुठे उचलायचा ते डोमाजींच्या हातावरून ठरत असे. पुढची पाच वर्षे अशीच गेली. मी दोनदा पोंभुर्ण्याला गेलो. डोमाजींनी पाणी दिले, बसायला घोंगडे दिले, पिकापाण्याचे बोलले. नगाऱ्याचे नाव मी काढले की उठून बैलांना चारा टाकायला जात. कासिमभाई मात्र बाजाराला तिकडे गेले की त्यांच्याकडेच मुक्काम करत. मी कल्हईला गेलो की सांगत, डोमाच्या मुलाचे लग्न ठरले, डोमाचा बैल मेला. मी विचारायचो, माझ्याबद्दल काही बोलला का? "तुमच्याबद्दल मी नाई विचारत भाऊ. मी जेवाले जातो, वकिली कराले नाई." शेवटच्या भेटीत, गेल्या आषाढात, त्यांना भाता ओढवत नव्हता. बायको ओढत होती, ते भांडे फिरवत होते. मला म्हणाले, "आता नाकाले बी वास येत नाई भाऊ. भांडं पाहून सांगतो, अंदाजानं. अंदाजानं सांगाची पाळी आली म्हनजे दुकान बंद कराव." ते मनापासून लाजून बोलत होते.

कासिमभाई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी चांद्याला गेलो. दुकानातच सतरंजी अंथरली होती. भट्टीचा खड्डा मातीने बुजवलेला, भाता भिंतीला टांगलेला. कोनाड्यांतली झाकणे मात्र जशीच्या तशी होती. त्यांची बायको हमीदाबी म्हणाली, "फेकाले हात नाई उठत. काय कशाचं ते आता कोनाले समजते?" मी मिरच्या, शिंपले, खुणा पाहत उभा होतो आणि मागून कुणीतरी आत आले. डोमाजी. केस पूर्ण पांढरे झाले होते. आम्ही शेजारी बसलो. खाली भट्टीजवळची जमीन अजून काळी होती आणि नवसागराचा वास त्या मातीतून येत होता. फातेहाची प्रार्थना झाली, जेवण झाले, माणसे पांगली. मी विचारले. ते येतील म्हणून पाठ करून आलेले काही आठवले नाही, एवढेच म्हणालो, "डोमाजी, शिमग्याले नगारा वाजवाले या."

त्यांनी भात्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "कोन म्हनून येऊ?"

"मान तुमचाच आहे. पेंढ्याही..."

"पेंढ्या नोको भाऊ. पेंढी घेतली का मानूस गावाचा होते, मंग गाव त्याले काहीबी म्हनू शकते." ते भात्याकडे पाहत बोलत होते. "हे कासिमभाई कसे येत होते? आंधी ठरवून. काम करून, पैसे घेऊन, रामराम करून. त्यायले कोनी गावाबाहेर काढलं का कधी? मी तसा येईन. कातड्याले हात माहा, तेल माहं. आनं ठरलं ते आंधी द्याचं."

हमीदाबी चहाचे पेले घेऊन आली होती, ती म्हणाली, "शिकवून गेले वाटते तुमाले बी!" आणि तोंडाला पदर लावला. डोमाजी हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिले ते तेव्हा. मी विचारले, किती? त्यांनी सांगितले. मी घासाघीस केली नाही. त्यांनीही वाट पाहिली नाही, हात पुढे केला, नोटा उलटसुलट करून पाहिल्या, सुटे दोनदा मोजले, आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले.

शिमग्याचा नगारा वाजवण्याबद्दल, आगाऊ, बारा रुपये. पोंभुर्ण्याहून जाण्यायेण्याचे मोटारीचे भाडे दोन रुपये चाळीस नये पैसे. दोन्ही मिळून चौदा रुपये चाळीस नये पैसे, डोमाजी यांना रोख दिले.